सहा ऋतूंचा नदीकाठ : वृक्षोद्यान आणि वैद्यांची द्रव्यओळख

नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरल्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः पक्ष्यांची. ते स्वाभाविकच होते. परंतु रामसर कराराच्या कार्यालयाने या पाणथळीचा जो संक्षिप्त परिचय प्रसिद्ध केला आहे, त्यात तेथील ठळक जाती सांगताना बिबट्याच्या जोडीला एका वृक्षाचे नाव घेतले आहे. तो वृक्ष म्हणजे चंदन. या क्षेत्रात ५३६ जीवजातींची नोंद असल्याचेही त्याच परिचयात म्हटले आहे. आपल्या वैद्यवर्गाचे लक्ष या तपशिलाकडे जावे तितके गेले नाही, असे आम्हांस वाटते.

सायखेडा हे निफाड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. समोरच्या तीरावर चांदोरी, मध्ये पूल. जवळच दारणासांगवीच्या शिवारात दारणा गोदावरीस मिळते. आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे गेले की गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती रुजल्या आणि १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. भोवती सर्वत्र द्राक्षबागा, ऊस आणि कांदा. वृक्षोद्यान म्हणून हा काठ कोणी मुद्दाम लावलेला नाही. तथापि एकाच वाटेने सहा ऋतूंत फिरून झाडांचा अभ्यास करावयाचा असेल, तर निफाड-सिन्नर भागातील वैद्यांस याहून सोयीची जागा नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू पर्यटनाची माहिती देण्याचा नाही. वैद्य आणि औषधिविक्रेते या दोघांनाही वनस्पती आज प्रामुख्याने पोत्यातून भेटते. पोत्यातील साल, मूळ किंवा चूर्ण पाहून द्रव्याचा निश्चय करण्याची पाळी येते, आणि ज्याने ते झाड पानगळीत, पालवीत, फुलात व फळात पाहिलेले नाही त्याला तो निश्चय करता येत नाही. म्हणून सार्वजनिक वृक्षोद्यान ही चैनीची वस्तू नसून चिकित्सेच्या शुद्धतेचा भाग आहे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

शास्त्राची अपेक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे म्हटले आहे, की रानात वावरणारे शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे लोक वनस्पती नावाने व रूपाने ओळखतात. परंतु केवळ नावरूपाच्या ज्ञानाने औषधीचा पूर्ण उपयोग कळत नाही, त्यास योगाचे ज्ञान लागते. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. योग आपल्याला पाठ आहेत, नावरूप मात्र हरवले आहे. गुराख्याला जे ठाऊक होते ते पदवीधराला ठाऊक नाही.

संग्रहकालाविषयी कल्पस्थानाचा उपदेश तर थेट ऋतूंशी जोडलेला आहे. फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडलेली वा पूर्ण जून झालेली असताना, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात, फुले व फळे त्यांच्या त्यांच्या ऋतूत घ्यावीत. सुश्रुतांनी काही आचार्यांचे असे ऋतुवार मत नोंदवून ते जसेच्या तसे मान्य केलेले नाही. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत आणि आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घ्यावीत, असा त्यांचा आग्रह आहे. मतभेद कोणताही असो, दोन्ही आचार्यांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच, की वैद्य त्या झाडाजवळ त्या त्या ऋतूत जातो.

नाशिकला या विषयात विशेष उत्तरदायित्व आहे. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संघटनेचा पाया याच नाशकात घातला गेला. वैद्यांनी संघटित व्हावे हा विचार येथून देशभर गेला. वैद्यांनी झाडांकडे परत जावे, हा विचारही येथूनच जाण्यास हरकत नाही.

ऋतुक्रमाने नदीकाठ

आता ऋतुक्रमाने काय पाहावे ते सांगतो. जी झाडे नदीकाठी, बांधावर वा गावठाणात सहज भेटतात आणि ज्यांच्यासाठी वृक्षोद्यानाचीच वाट धरावी लागते, असे दोन्ही प्रकार यात आहेत. पंचांगातील ऋतू आणि झाडाचा ऋतू नेहमी जुळतोच असे नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस ज्येष्ठातच येतो आणि पंचांगाचा ग्रीष्म अर्धा ओला जातो. म्हणून पंचांगापेक्षा स्वतःच्या नोंदवहीवर अधिक विश्वास ठेवावा.

शिशिर (माघ-फाल्गुन). सालीचा अभ्यास करण्यास हा उत्तम काळ, कारण पाने कमी झाल्याने खोड उघडे पडते. अर्जुन हा मुळात नदीकाठचाच वृक्ष. त्याचे खोड गुळगुळीत, पांढुरके-राखी, कोठे गुलाबी झाक असलेले. साल मोठ्या पातळ ढलप्यांनी सुटते. त्याच्याच गणातील ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. ही दोन खोडे एकदा शेजारी शेजारी पाहिली, की पोत्यातील तुकड्यांविषयी संशय घेण्याची शक्ती येते. अर्जुनाचे पाच पंखांचे फळ खात्री पटवते. याच दिवसांत पळस पेटतो आणि काटेसावर पर्णहीन अवस्थेत मोठ्या लाल फुलांनी लगडते. शिवणीची पिवळी-तपकिरी फुलेही बहुधा पाने नसतानाच येतात. टेटूच्या तलवारीसारख्या लांब शेंगा या काळात वाळून उकलतात आणि आतून कागदासारख्या पातळ, पांढऱ्या पंखांच्या बिया उडू लागतात. ज्याने ही शेंग एकदा पाहिली तो श्योनाक विसरत नाही.

वसंत (चैत्र-वैशाख). पाडव्याला कडुनिंबाची पाने घरोघरी खाल्ली जातात. त्याच सुमारास त्याचा मोहर दरवळतो. नदीकाठच्या करंजाला कोवळी तकतकीत पालवी आणि फिकट जांभळट फुले येतात. बेलाची जुनी पाने झडून नवी येतात, आणि मागील वर्षीची फळे याच काळात पिकतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतर फळे पक्व झाल्यावर गुणाने श्रेष्ठ, बिल्वाचे मात्र कोवळे फळ ग्राही व दीपन म्हणून श्रेष्ठ आणि पिकलेले पचण्यास जड, असे शास्त्र सांगते. म्हणजे अतिसारासाठी बेलफळाचा गर हवा असेल तर झाड हिवाळ्यात गाठले पाहिजे. वैशाखात गोळा केलेले पिवळे फळ सरबताला चांगले, औषधाला नव्हे. बहाव्याचे सोनेरी घोसही वैशाखातले. त्याच्या शेंगा पक्व व्हायला पुढे कित्येक महिने लागतात. चरकांनी सांगितलेली पद्धत, म्हणजे पक्व शेंगा सात रात्री वाळूत ठेवून नंतर उन्हात वाळवून मगज काढावा ही, आजही कोणत्याही लहान फार्मसीत बिनखर्चात पाळता येण्याजोगी आहे.

सीताअशोकही वसंताचा. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

ग्रीष्म (ज्येष्ठ-आषाढ). वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळले जाते आणि त्याच वडावर, पिंपळावर, उंबरावर पक्ष्यांची पंगत बसलेली असते. पंचवल्कलांतील वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडे गावोगावी आहेत. पायर शोधावी लागते, आणि पारिसपिंपळ किंवा वेत यांपैकी पाचवे कोणते धरावे याविषयी ग्रंथांत व व्यवहारात भेद आहे. म्हणून पंचवल्कल क्वाथाचे तयार भरड विकत घेताना त्यातील पाचवे द्रव्य कोणते, हा प्रश्न व्यापाऱ्यास अवश्य विचारावा. जांभळे या सुमारास पिकून पडतात. त्यांच्या बिया धुऊन सावलीत वाळविणे हे गावातील शाळकरी मुलांकडूनही करवून घेता येते. पाडळीची सुगंधी फुले उन्हाळ्याअखेरची, पण पाडळ आपल्या पठारी भागात क्वचित. तिच्यासाठी वृक्षोद्यान गाठावे लागते.

वर्षा (श्रावण-भाद्रपद). सायखेड्यास पाऊस म्हणजे पूर. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सायखेडा व चांदोरीची बाजारपेठ आणि वस्ती पाण्याखाली गेली होती. वरच्या अंगाने वाहत आलेल्या पानवेली पुलाच्या खांबांना अडकून तट तयार होतो, हा येथील लोकांचा नित्याचा अनुभव. पूर ओसरल्यावर गाळाच्या जमिनीवर वर्षायू वनस्पती उगवतात, आणि याच ऋतूत त्या ओळखण्यास शिकता येतात. रक्तपुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, जमिनीवर पसरते. तिच्या जोडीतील पाने लहानमोठी असतात, फुले बारीक गुलाबी-लाल आणि फळे चिकट, कपड्यास लागणारी. विषखापरा दिसायला तिच्यासारखाच, पण अंगाने मांसल आणि त्याची फुले देठाविना पानाच्या बेचक्यात एकेकटी बसलेली. वाळल्यावर दोन्हींचे पंचांग सारखेच दिसते. सराटा जमिनीलगत पसरतो, त्याचे फूल लहान पिवळे आणि फळ काटेरी. मोठे गोखरू हे वेगळेच झाड. माक्याची फुले पांढरी. पिवळ्या फुलांचा तो पिवळा माका. श्रावणात बेलाच्या पानांना मागणी वाढते आणि फांद्या ओरबाडल्या जातात. भक्तांना तीन पानांचे एक दल पुरेसे असते, हे मंदिराच्या विश्वस्तांनी सांगितले तर झाडे वाचतील. टेटूला फुले येतात ती या ऋतूत, रात्री. त्यांचे परागीकरण वटवाघळे करतात. म्हणून टेटूचे फूल पाहावयाचे असेल तर उद्यानात पहाटे लवकर जावे; दुपारी ते जमिनीवर गळून पडलेले सापडते.

शरद (आश्विन-कार्तिक). दसऱ्याला आपटा आणि शमी. आपट्याच्या फांद्या तोडून सोने म्हणून वाटण्याची प्रथा शहरांत इतकी वाढली आहे, की त्याच्या नावाखाली कांचनाची पानेही विकली जातात. दोन्ही एकाच गणातील, दोन्हींची पाने जोडपाने. आपट्याचे पान लहान व जाडसर, कांचनाचे मोठे. कांचनार गुग्गुळ बनविणाऱ्यांनी हा फरक सालीपर्यंत नेऊन शिकावा. सप्तपर्णाच्या फुलांचा उग्र गंध शहरांतील रस्त्यांवर दाटतो तोही याच सुमारास. पाणथळीच्या कडेला कोळसुंदा, म्हणजे तालिमखाना, काट्यांच्या वळ्यांतून निळ्या-जांभळ्या फुलांनी डोके वर काढतो.

हेमंत (मार्गशीर्ष-पौष). थंडी पडू लागली की नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, क्रौंच अशा पाहुण्यांची गर्दी होते. चापडगावच्या काठावर निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात. अभयारण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागले की गाव अभयारण्य राखते. वृक्षोद्यानाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. कार्तिकातल्या आवळीभोजनापासून आवळा बाजारात येतो, आणि दिवाळीपूर्वीच च्यवनप्राश विक्रीस ठेवण्याची स्पर्धा लागते. केवलामलक रसायनाच्या विधीत आचार्यांनी पौष, माघ आणि फाल्गुन हे महिने सांगितले आहेत. फळ झाडावर पूर्ण भरण्याची वाट पाहण्यात व्यापाराचे थोडे नुकसान असेल, कल्पाचे नाही.

साराचा काळही हेमंत, आणि येथे पुन्हा चंदनाकडे येतो. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडली जातात आणि त्यातून पोषण घेतात. त्याची जांभळी-काळी फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. म्हणून चंदन एकटे लावून जगत नाही, त्याला सोबतीची झाडे आणि पक्षी दोन्ही लागतात. त्याच्या गाभ्यात सुगंधी सार तयार व्हायला दशके जातात. नांदूरमध्यमेश्वरच्या परिचयात बिबट्याशेजारी चंदनाचे नाव का आहे, याचे उत्तर यातच मिळते. बिबट्याप्रमाणेच चंदनही त्या जागेचे सगळे जीवन शाबूत असल्याची खूण आहे.

पोत्यातील नाव आणि झाडावरील नाव

ऋतूंच्या या फेरीचा रुग्णाशी काय संबंध, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण अशोकाचे. सीताअशोक हा मध्यम उंचीचा, पसरट छायेचा वृक्ष. त्याची कोवळी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी. फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर येतात, आधी नारिंगी-पिवळे, मग लाल होत जातात. शाळांच्या व कार्यालयांच्या कुंपणाशी सरळ उंच वाढणारा, लाटांसारख्या कडांच्या लांब पानांचा जो हिरवा अशोक आपण पाहतो, त्याचा याच्याशी कुळानेही संबंध नाही. तो सीताफळाच्या कुळातला. तरीही त्याची साल अशोकसाल म्हणून बाजारात येते, ही गोष्ट औषधिव्यापारात नवी नाही. अस्सल सीताअशोक निसर्गात दुर्मीळ होत चालला आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित वर्गात मोडतो. मागणी मात्र वाढतच आहे. परिणामी रक्तप्रदराने त्रस्त भगिनी महिनोन्‌महिने अशोकाचे कल्प घेते, गुण येत नाही, आणि दोष शास्त्राच्या माथी जातो. तिच्या वैद्याने निदान बरोबर केलेले असते, विक्रेत्याने बिलावर नाव बरोबर लिहिलेले असते. फक्त झाड चुकीचे असते.

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी पोहोचली. त्यानंतर यकृतविकाराच्या काही रुग्णांचा संबंध गुळवेलीशी जोडणारे वृत्तांत प्रसिद्ध झाले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयास खुलासा करावा लागला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही शास्त्रोक्त गुडूची आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होऊ नये, असे त्यात बजावलेले होते. भेद असे : गुडूचीचे कोवळे खोड हिरवे, त्यावर गाठी नसतात, कापल्यावर दुधट स्राव येत नाही, पाकळ्या सहा, फळे गोल व लाल. क्रिस्पाचे खोड करडे, गाठाळ, कापल्यावर दुधट स्राव येणारे, पाकळ्या तीन, फळे लांबट व नारिंगी. यांतील खोडाची लक्षणे वर्षभर पाहता येतात. परंतु फुलाफळांची लक्षणे पाहण्यास वेल ऋतुमानाने गाठावी लागते. गुळवेलीची फुले बारीक आणि उन्हाळ्यात, बहुधा पाने झडलेली असताना येतात. वाळलेल्या तुकड्यांवरून हे काहीच दिसत नाही.

दशमुळांची कथा याहून गंभीर आहे. बृहत्पंचमुळांतील बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ हे सगळे वृक्ष वा मोठी झुडपे. मूळ घ्यावयाचे म्हणजे झाडच घ्यावयाचे. अग्निमंथ या नावाने तर दोन वेगवेगळ्या वनस्पती प्रचारात आहेत. दशमूळ हे आपल्या प्रत्येक दुकानातील रोजच्या विक्रीचे औषध. त्यामागे किती झाडे मुळासकट जातात याचा हिशेब आपण विचारत नाही. मुळाऐवजी खोडाची साल वापरण्याचा व्यवहार रूढ होत आहे तो याच कारणाने. साल घेतानाही ती खोडाच्या एका बाजूच्या पट्टीतून घेतली तर झाड जखम भरून काढते. चहूबाजूंनी सोलली तर ते मरते. हा फरक साल काढणाऱ्या मजुराला कोणी समजावून सांगितलेला नसतो, कारण आपण त्याला भेटतच नाही.

सार्वजनिक वृक्षोद्यानाचे काम

रानातून गोळा करणे कठीण व अयोग्य होत जाईल तसतसे, निदान ओळखीसाठी तरी, नावाच्या पाटीसह उभी असलेली झाडे लागतील. महाराष्ट्रात अशा जागा नाहीत असे नाही. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. बहुतेक लोक ती प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखतात. वस्तुतः ती तीन हजारांवर झाडांचे वृक्षोद्यान आहे, आणि सीताअशोक, पुत्रंजीवा, गोरखचिंच, रुद्राक्ष तेथे पाहता येतात. २००७ च्या सुमारास तेथे प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या मुंबईकर नागरिकांनी, त्यातही महिलांनी पुढाकार घेऊन, झाडांची नोंद हाती धरून त्यास विरोध केला आणि तो आराखडा मागे पडला. बागेचे रक्षण तिच्या नोंदीने झाले, ही त्यातील शिकवण. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे. तेथील गारंबीचा प्रचंड वेल पाहण्यासारखा आहे. गणेशखिंडीचे उद्यान १८७३ चे, आणि २०२० मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

नाशिकपुरते बोलायचे तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वनखात्याचे नेहरू वनोद्यान आहे, आणि सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नागरिकांनी स्थानिक जातींची देवराई उभी केली आहे. सायखेड्याहून ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून परत येता येते. नदीकाठच्या झाडांसाठी नांदूरमध्यमेश्वर आणि सह्याद्रीच्या झाडांसाठी ही ठिकाणे, अशी जोड घातली तर वर्षभराचा अभ्यासक्रम तयार होतो.

तीन मर्यादा

या अभ्यासात तीन मर्यादा कसोशीने पाळाव्यात.

एक, अभयारण्यातून काहीही आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २९ नुसार परवान्याशिवाय अभयारण्यातील वन्यजीवन वा वनोपज हलविता येत नाही. तेथे फक्त पाहावे, छायाचित्र घ्यावे, टिपून ठेवावे. चंदनाची तोड तर खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय करता येत नाही.

दोन, द्राक्षबागेच्या बांधावरील वनस्पती औषधास घेऊ नये. द्राक्षाच्या हंगामात बुरशीनाशके व कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या होतात आणि त्यांचा तुषार बांधावरील गुळवेलीवर, माक्यावर, कडुनिंबावर पडतोच. शेतकरी आपलाच रुग्ण असतो. त्याने प्रेमाने आणून दिलेली गुळवेल नाकारणे अवघड जाते. तरी ती कोठे चढलेली होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तीन, नदीचे पाणी. नाशिक शहराच्या सांडपाण्याचा भार गोदावरी वाहते. पानवेलींची बेसुमार वाढ ही त्याचीच साक्ष. पाणथळीत वाढणाऱ्या ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका यांसारख्या वनस्पती पाण्यातील व गाळातील जड धातू शोषून घेतात. तयार औषधांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा पाळाव्या लागतात. अशा काठावरील कच्चा माल त्या ओलांडण्याचा धोका पत्करू नये. स्मशान, वारूळ, दूषित भूमी येथील औषधी घेऊ नये असे आचार्यांनी सांगितले, त्याचा आजचा अर्थ आम्ही असाच लावतो.

काय करता येईल

संघटनेच्या शाखांपुढे आम्ही पुढील सूचना ठेवतो. त्यांना मोठा निधी लागत नाही.

प्रत्येक शाखेने एक वाट निश्चित करावी आणि वर्षातून सहा वेळा, प्रत्येक ऋतूत एकदा, त्याच वाटेने त्याच झाडांना भेट द्यावी. वीस झाडे पुरेत. प्रत्येकाची पालवी, फूल, फळ, पानगळ यांच्या तारखा एका वहीत लिहाव्यात. तीन वर्षांत त्या तालुक्याची स्वतःची ऋतुपंजी तयार होईल. सोबत गावातील मेंढपाळ, वृद्ध शेतकरी आणि वनरक्षक यांना घ्यावे. नावे त्यांना ठाऊक असतात, योग आपल्याला.

फार्मसीधारकांनी अस्सल झाडावरून, मालकाच्या संमतीने घेतलेल्या सालीचा, फळाचा, मुळाचा एकेक नमुना काचेच्या बरणीत ठिकाण व तारखेसह जपून ठेवावा. शेड्यूल टी च्या नियमांत संदर्भनमुन्यांची अपेक्षा आहेच. परंतु ती तपासणीपुरती न ठेवता प्रत्येक नवे पोते त्या बरणीशी ताडून पाहण्याची सवय लावावी. व्यापाऱ्याकडे बिलावर झाडाचे शास्त्रीय नाव व अंग लिहून मागावे. मागणारे दहा झाले की व्यापारी लिहू लागतो.

पूररेषेच्या वर, ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा देवस्थानाच्या जागेवर बृहत्पंचमुळांची पाच झाडे आणि दोन सीताअशोक लावावेत. शिवण आणि टेटू बियांपासून येतात. बेल गावोगावी आहेच. सीताअशोकाला आपल्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी द्यावे लागते, त्यासाठी विहिरीजवळची जागा निवडावी. पाटीवर मराठी नाव, संस्कृत नाव आणि उपयोगाचे अंग एवढेच लिहावे. रोगांची यादी लिहू नये, नाहीतर झाड वर्षभरात ओरबाडले जाते. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. त्या नोंदवहीत आपली झाडे व आपली ऋतुपंजी यांची नोंद करवून घ्यावी. राणीच्या बागेचा अनुभव सांगतो, की ज्याची नोंद आहे ते तोडणे कठीण जाते.

आज लावलेल्या शिवणीची साल घेण्यास आपण कदाचित असू, पाडळीच्या बाबतीत नसूही. पण पुढच्या पिढीच्या वैद्याला श्योनाकाची शेंग पुस्तकातील चित्रावरून शिकावी लागणार नाही, आणि सायखेड्याच्या दवाखान्यात अशोकाचा कल्प घेणाऱ्या रुग्णाला अशोकच मिळेल. येत्या पावसाळ्यापूर्वी शाखांनी जागा निश्चित करून रोपांची मागणी वनखात्याच्या रोपवाटिकेकडे नोंदवावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.